आधी हक्काचा विमा, मग विकतचा

आरोग्य विमा हा विषय आपल्या चळवळीच्या व्यासपीठावर क्वचितच येतो. राखीव जागा, शिष्यवृत्ती, गायरान जमिनी, अत्याचार या प्रश्नांवर आपण ठराव करतो, मोर्चे काढतो; आणि ते रास्तच आहे. परंतु दोन पिढ्यांच्या कष्टातून एखादे कुटुंब गावकुसाबाहेरून उठून तालुक्याच्या गावी स्थिरावू लागते, मुलगी कॉलेजात जाऊ लागते, आणि नेमके तेव्हाच घरच्या कर्त्या माणसाची मूत्रपिंडे निकामी होतात. मग आधी बचतगटाचे कर्ज, मग सोनाराकडे गहाण, मग मुकादमाची उचल. मुलीचे शिक्षण थांबते आणि घर पुन्हा निघाले होते तिथेच येऊन पडते. शिष्यवृत्तीने जे कमावले ते रुग्णालयाच्या बिलाने गेले, असा हा हिशेब आहे. हा हिशेब चळवळीचा नव्हे तर कोणाचा?

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे १४ टक्के आणि शहरी भागातील सुमारे १९ टक्के लोकांनाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे आरोग्य-संरक्षण असल्याचे आढळले होते. त्यानंतर योजना वाढल्या, कार्डे वाटली गेली. तरीही २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केलेला आहे. पूर्वी, २०१३-१४ मध्ये, हेच प्रमाण ६४.२ टक्के होते. घट मोठी आहे, हे मान्य करावयास हवे. पण खिसा कोणाचा आहे हे सरासरी सांगत नाही.

विम्याचे दोन प्रकार प्रथम वेगळे केले पाहिजेत. एक मूलभूत विमा: जो कायद्याने वा शासन निर्णयाने मिळतो, ज्याला वय विचारले जात नाही, आधीचा आजार विचारला जात नाही, आणि ज्याला 'तुम्हांला आम्ही घेत नाही' असे कोणी म्हणू शकत नाही. दुसरा पूरक विमा: जो कंपनीकडून विकत घ्यावा लागतो. पहिला हक्क आहे, दुसरा करार आहे. हक्कात माणूस मोजला जातो, करारात जोखीम मोजली जाते. हा फरक न कळल्यामुळे आपल्याकडे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. ज्याच्या पगारातून कामगार विम्याची कपात होते तो कामगार दवाखान्याची पायरी न चढता खासगी डॉक्टरचे बिल भरतो. आणि ज्याला सरकारी योजनेचे कार्ड मिळाले तो समजतो की आता सर्वच आजारांची सोय झाली. पहिल्याला आपल्याजवळ काय आहे ते ठाऊक नाही, दुसऱ्याला काय नाही ते.

मूलभूत विम्याचा इतिहास आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविले गेले ते १९४३ मध्ये, याच खात्याच्या कारकिर्दीत. अडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेला प्रारंभ झाला. कायदा संमत झाला तेव्हा कामगार खाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते. या दोन नेत्यांतील राजकीय अंतर सर्वश्रुत आहे. पण कामगाराच्या आजारपणाच्या प्रश्नावर एकाने घातलेल्या पायावर दुसऱ्याच्या कारकिर्दीत भिंत उभी राहिली, याची नोंद आपण फारशी घेतलेली नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात याच्याही पुढे जाऊन विमा व्यवसाय ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरविणे शासनाने सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. आयुर्विमा १९५६ मध्ये राष्ट्रीयीकृत झाला, सर्वसाधारण विमा १९७३ पासून. आणि १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले गेले. आज आपण कंपनीच्या छापील अर्जासमोर बसतो तेव्हा या प्रवासाच्या उलट्या टोकाला बसलेलो असतो.

राज्य कामगार विमा, म्हणजे लोकांच्या तोंडचे ईएसआय. १९४८ चा मूळ कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण योजनेचा सांगाडा तोच आहे. सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. १ जानेवारी २०१७ पासून वेतनाची मर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरविली गेली; १ जुलै २०१९ पासून वर्गणीचे दर उतरवून मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के असे ठेवण्यात आले. म्हणजे १५,००० रुपये पगाराच्या कामगाराच्या खिशातून महिन्याला सुमारे ११३ रुपये जातात आणि मालकाने सुमारे ४८८ रुपये भरावयाचे असतात. या रकमेत कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधांसह. त्याशिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम, बाळंतपणात २६ आठवड्यांचा भत्ता आणि कामावर अपघात होऊन आलेल्या अपंगत्वासाठी ९० टक्के दराने भरपाई. बाजारातील कोणतीही पॉलिसी या किमतीत हे देणार नाही. विशेषतः बुडालेल्या मजुरीची भरपाई. हातावर पोट असलेल्या घरात आजाराचा पहिला फटका बिलाचा नसतो, बुडालेल्या रोजाचा असतो.

मग हा विमा इतका बदनाम का? दवाखान्यात औषध मिळत नाही, रांग संपत नाही, डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात, या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कंत्राटदार. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दाखवायची आणि भरणा करायचा नाही, किंवा वर्षातून दोनदा कामगाराचे नाव कमी करून पुन्हा घालायचे, म्हणजे त्याची पात्रता तुटते. आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. नाव तुटले की हे दिवस भरत नाहीत. येथे दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवाव्यात. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची आहे, कंत्राटदाराकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. आणि मालकाने भरणा केला नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडू नये, महामंडळाने लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, ही तरतूद मूळ कायद्यातच केलेली होती. शहराची घाण उपसणारा कामगार, ज्याच्या हातापायांना जखमा आणि छातीत वायू ही रोजची गोष्ट आहे, तोच नेमका कंत्राटदाराच्या वहीत अर्धवट लिहिलेला असतो. कोणत्या जातीचा माणूस कोणत्या कामावर, आणि त्या कामाचे नाव कोणत्या वहीत, हे प्रश्न एकाच गाठीचे आहेत.

कारखान्याच्या वा दुकानाच्या बाहेर जे राहिले, म्हणजे शेतमजूर, ऊसतोड कामगार, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, घरकाम करणारी बाई, त्यांच्यासाठी दीर्घकाळ काहीच नव्हते. २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली; तिच्यात पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण होते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठ जिल्ह्यांत आणि २०१३ पासून राज्यभर सुरू झाली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ची. महाराष्ट्रात या दोन्ही योजना २०२० पासून एकत्र राबविल्या जातात, आणि १ जुलै २०२४ पासून राज्याच्या योजनेतही प्रति कुटुंब वर्षाला दीड लाखाऐवजी पाच लाख रुपयांचे संरक्षण आणि केवळ पिवळ्या-केशरीच नव्हे तर सर्व रेशनकार्डधारक व राज्याचे अधिवासी यांचा समावेश झाला.

आयुष्मान भारतच्या यादीची कहाणी थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याशी संबंधित आहे. लाभार्थी ठरविले गेले ते २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवरून. ग्रामीण भागात वंचिततेचे जे निकष धरले त्यांत अनुसूचित जाती-जमातीचे कुटुंब हा एक स्वतंत्र निकष आहे. भूमिहीन व अंगमेहनतीवर जगणारे कुटुंब हा दुसरा. हाताने मैला साफ करणारे आणि कायद्याने मुक्त झालेले वेठबिगार यांचा समावेश तर आपोआपच. शहरात जात नाही, व्यवसाय धरला: कचरा वेचणारे, सफाई कामगार, चर्मकार, फेरीवाले, बांधकाम मजूर, घरकामगार. जातीचे नाव न घेता जात कशी मोजता येते याचे हे उदाहरण आहे. मात्र त्याच गणनेत ज्याच्या घरी मोटारसायकल वा फ्रीज आढळला ते कुटुंब आधीच वगळले गेले. जुनी फटफटी दारात उभी असलेला आपला माणूस २०११ मध्ये एका दिवसात 'संपन्न' ठरला, आणि बारा-तेरा वर्षे तसाच राहिला. २०२४ च्या विस्ताराने राज्यात ही उणीव बरीचशी भरली आहे. तरी राज्याबाहेर मुख्यतः केंद्राच्या योजनेचे कार्ड चालते; म्हणून कर्नाटकात वा गुजरातेत कामाला जाणाऱ्या टोळ्यांनी आपले नाव कोणत्या यादीत आहे हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. चौकशीसाठी केंद्राचा क्रमांक १४५५५ आणि राज्याचा १५५३८८ आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांचे संरक्षण लागू झाले. कुटुंब आधीच योजनेत असेल तर वृद्धांसाठी हे पाच लाख वेगळे धरले जातात. वय मोजले जाते ते आधार कार्डावरून. आणि येथे आपल्या आजोबा-आजींचा प्रश्न येतो. जे शाळेत गेले त्यांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून अशी घालून टाकली. जे गेलेच नाहीत त्यांचे वय आधारच्या यंत्रासमोर बसलेल्या मुलाने चेहरा पाहून लिहिले. त्र्याहत्तर वर्षांची म्हातारी कागदावर पासष्टची असेल तर तिला आणखी पाच वर्षे थांबावे लागते. ज्या समाजाला शाळेबाहेर ठेवले त्याच्याकडून आता जन्माचा दाखला मागितला जातो, ही विसंगती कोणत्याही शासन निर्णयात नोंदलेली नाही.

योजनेचा लाभ कसा मिळतो? अंगीकृत रुग्णालयात, मग ते सरकारी असो की खासगी, आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखविले की तो नोंद करतो, रुग्णालय मंजुरी मागते, आणि मंजूर झालेल्या उपचाराचा पैसा रुग्णाकडून घ्यावयाचा नसतो. राज्याच्या योजनेत रुग्णाचे जेवण आणि परतीचे प्रवासभाडेही धरलेले आहे. बहुतेकांना ते ठाऊक नसते. पण उपचार यादीत हवा. २०२४ च्या विस्ताराच्या वेळी यादीत १,३५६ उपचार होते, नंतर ती वाढविण्याचा निर्णय झाला. यादीत नसलेला आजार असला की पाच लाखांचे कार्ड असूनही हात रिकामे. तसेच 'आधी अनामत भरा, मग कार्डाचे पाहू' असे सांगणारी रुग्णालये आहेत. अशा वेळी भांडण न करता प्रथम लेखी पावती मागावी. पावती देण्याची वेळ आली की पुष्कळदा कार्ड चालू लागते.

आता या मूलभूत विम्यात काय नाही ते पाहू, कारण पूरक विम्याची निवड त्यावरच अवलंबून आहे. बाह्यरुग्ण उपचार नाहीत: मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे, तपासण्या, दर महिन्याचे येणे-जाणे. बुडालेली मजुरी नाही, रुग्णाचीही नाही आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्या नातेवाइकाचीही नाही. म्हणजे जो खर्च थेंबाथेंबाने घर पोखरतो तो पूर्णपणे बाहेर आहे. ही रचना निर्दोष नाही. शस्त्रक्रियेला पैसा मिळतो आणि औषधोपचाराला मिळत नाही अशी व्यवस्था केली की शस्त्रक्रिया वाढतात. २०१२ मध्ये छत्तीसगड आणि बिहारमध्ये विमा योजनेच्या पैशासाठी गरज नसताना स्त्रियांची गर्भाशये काढल्याची प्रकरणे उघडकीस आली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. तेथे पाळीच्या दिवसांतील खाडा आणि मुकादमाचा दंड हे कारण होते, आणि २०१९ मध्ये राज्य शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. वाटा दोन, पण शरीर एकाच वर्गातील स्त्रीचे. म्हणून कोणी डॉक्टर 'पिशवी काढून टाका, योजनेत बसते' असे म्हणाला तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्य तर सरकारी रुग्णालयात, दाखविल्याशिवाय होकार देऊ नये.

पूरक विमा कोणी घ्यावा? ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे त्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाला काही हजारांचा हप्ता, तो एक वर्ष चुकला की संपलेला करार, आणि वाढत्या वयाबरोबर वाढणारी रक्कम हे त्याला परवडणारे नाही. त्याने आपली शक्ती रेशनकार्ड, ईएसआय आणि आधार दुरुस्त करण्यात घालावी. जोडीला महाराष्ट्रात आणखी एक हक्क आहे, त्याचा वापर आपण फारच कमी करतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली आणि २००६ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात. यातील कित्येक रुग्णालये संगमरवरी आहेत आणि त्यांच्या दारावर हे कोणी ठळकपणे लिहीत नाही. उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवकाच्या खोलीत जाऊन मागावे लागते.

पूरक विम्याची खरी गरज आहे ती आपल्यातील नव्याने उभ्या राहिलेल्या थराला: पगार २१,००० च्या वर गेल्यामुळे ईएसआयमधून बाहेर पडलेला कामगार, तासिका तत्त्वावर शिकविणारा प्राध्यापक, विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, छोटा दुकानदार, वकिलीची पहिली वर्षे काढणारा तरुण. सरकारी कर्मचाऱ्याला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती असते, पण निवृत्तीनंतर त्यातले काय राहते हे त्याने नोकरीत असतानाच विचारून घ्यावे. साठाव्या वर्षी नवी पॉलिसी महाग पडते. पतपेढीचा किंवा संस्थेचा गट-विमा असला तरी तो नोकरी वा सभासदत्वाबरोबर संपतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पॉलिसी घेताना हप्ता शेवटी पाहावा. पहिली गोष्ट प्रतीक्षा काळ. अपघात सोडला तर पहिले तीस दिवस काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधे यांसारख्या ठरावीक आजारांसाठी एक ते तीन वर्षांचा काळ असतो. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनीला जास्तीत जास्त तीन वर्षे थांबविता येते. २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती.

दुसरी गोष्ट खोलीभाडे. येथे सुशिक्षितही फसतात. 'आरोग्य संजीवनी' ही १ एप्रिल २०२० पासून आलेली प्रमाणित पॉलिसी आहे. कंपनी कोणतीही असली तरी तिच्या अटी ठरलेल्या. तिच्यात खोलीभाडे विमा रकमेच्या दोन टक्के, आणि दिवसाला ५,००० च्या वर नाही, असे सुरू झाले. एक लाखाची पॉलिसी असेल तर दिवसाला २,००० रुपये. आता रुग्ण ४,००० च्या खोलीत राहिला तर नुकसान फक्त वरच्या दोन हजारांचे होत नाही. डॉक्टरची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा हे खर्चही खोलीच्या दर्जानुसार वाढतात असे धरून कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच, देते. असा खर्च साठ हजार झाला असेल तर तीस हजार रुग्णाच्या माथी. औषधांना ही कपात लागू नसते. म्हणून पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर खोली त्या मर्यादेतच घ्यावी, मग नातेवाईक काहीही म्हणोत. शिवाय या पॉलिसीत प्रत्येक दाव्याचे पाच टक्के आपण सोसावयाचे असतात.

तिसरी गोष्ट टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतील भेद. दोन्हींत 'वजावट' नावाची रक्कम ठरलेली असते; तेवढा खर्च आपण वा आपल्या पहिल्या पॉलिसीने सोसावा, त्यावरचा ही पूरक पॉलिसी देईल. समजा वजावट तीन लाखांची आहे, आणि एका वर्षात दोनदा रुग्णालयात जावे लागले: एकदा दोन लाख, एकदा अडीच लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे मोजतो. दोन्ही तीन लाखांच्या आत, म्हणून एक पैसाही मिळणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो. साडेचार लाखांतून तीन गेले, दीड लाख मिळतील. हप्त्यात फार अंतर नसते. घ्यावयाचा तर सुपर टॉप-अपच. काही विक्रेते सांगतात, 'तुमच्याकडे सरकारचे पाच लाखांचे कार्ड आहेच, त्यावर आमचा टॉप-अप घ्या.' ऐकायला सोपे आहे. पण सरकारी योजनेत ठरावीक पॅकेजने उपचार होतात, रुग्णाच्या नावे बिलच निघत नाही; आणि कंपनीला तर बिल हवे असते. हे दोन हिशेब एकमेकांवर बसत नाहीत. कार्डाने झालेला उपचार वजावटीत धरणार का, हे कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय अशा सल्ल्यावर विसंबू नये. ज्याला पूरक पॉलिसी घ्यायची आहे त्याने आधी तीन ते पाच लाखांची एक साधी पॉलिसी घ्यावी व त्यावर सुपर टॉप-अप चढवावा, हे जास्त भरवशाचे. म्हाताऱ्या आई-वडिलांना आपल्या कौटुंबिक पॉलिसीत घालू नये. सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर साऱ्या घराचा हप्ता ठरतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आजार लपविण्याची. एजंट म्हणतो, 'साखर आहे ते लिहू नका, हप्ता वाढेल.' तो दलाली घेऊन जातो आणि तीन वर्षांनी दावा फेटाळला जातो तेव्हा सही आपली असते. रक्तदाब, मधुमेह, क्षय होऊन गेला असेल तो, विदर्भातील आपल्या पुष्कळ घरांत असलेला सिकलसेल, सारे लिहावे. कंपनीने नाकारले वा हप्ता वाढविला तर निदान खरे काय ते आज कळेल. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती लपविल्याचे कारण सांगून कंपनीला दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण त्या पाच वर्षांवर संसाराचा जुगार खेळू नये. मानसिक आजाराबद्दल विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने इतर आजारांप्रमाणेच त्यालाही विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. वसतिगृहांतून आपली मुले कोणत्या ताणाखाली राहतात हे येथे सांगण्याची गरज नाही.

काही किरकोळ गोष्टी. वर्षाला २० रुपये बँकेतून कापली जाणारी सुरक्षा विमा योजना ही अपघाती मृत्यू व अपंगत्वाची आहे, ४३६ रुपयांची जीवनज्योती ही मृत्यूची. दोन्ही आरोग्य विमा नव्हेत. वस्तीत येऊन कोणी 'हेल्थ कार्ड' विकत असेल तर त्यावर विमा नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक पाहावा. नसेल तर ती नुसती सवलतीची चिठ्ठी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे. तो कोणी मागत असेल तर देऊ नये. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत पसंत नसल्यास परत करता येते.

दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीतून करता येतो, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते आणि पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे ते ऐकतात. न्यायालयाची पायरी चढण्याआधी हा मार्ग वापरावा.

शेवटी कामाची एक सूचना. प्रत्येक वस्तीतील विहारात वा वाचनालयात एक वही ठेवावी. घरागणिक एक पान: रेशनकार्ड आहे का, त्यावरची नावे आणि आधारवरची नावे जुळतात का (सुनेचे नाव अजून माहेरच्या आडनावाने असते, ते पाहावे), सत्तरीच्या वर कोण, कागदावर वय किती, ईएसआयचा विमा क्रमांक कोणाचा, गेल्या सहा महिन्यांत वर्गणी भरली गेली का, घरात कोणाला कोणता जुना आजार. मागच्या पानावर जवळची अंगीकृत रुग्णालये, तेथील आरोग्यमित्रांचे क्रमांक आणि जिल्ह्यातील धर्मादाय रुग्णालयांची यादी. कॉलेजातील दोन मुले चार रविवारांत एका वस्तीची वही पुरी करतात. पहिल्या रविवारी पिवळी आणि केशरी कार्डे पाहावीत; नावांतील चुका सर्वांत जास्त तिथेच सापडतात, आणि त्या दुरुस्त करून घ्यायला तहसील कार्यालयात किमान दोन खेपा लागतात.